जास्वंदीचं अर्धं पान

१२ मार्च

चिमे,

पोचल्याचं कळवलंस, बरं झालं. तुम्ही दोघं चार दिवस राहून गेलात आणि माझ्या घराचं हरवलं-सापडलं खातं झालंय. काटेसाहेबांच्या कॅमेऱ्याचं झाकण न्हाणीघरात, त्यांची छत्री दाराच्या मुठीला, तुझा चष्म्याचा डबा मशीनखाली आणि मी धार लावून आणलेली तुझी दातेरी कात्री मागच्या दाराशी चपलांच्या मांडणीवर. ज्या धारेसाठी एवढी लांबून कात्री घेऊन आलीस, तीच विसरून गेलीस म्हणजे कमाल आहे तुझी. सगळं एका खोक्यात घालून पाठवते आहे.

आता दुसरी बातमी. ठमीची पिल्लं गेली.

ठमी कोण ते तुझ्या नवऱ्याला सांग, कारण चारही दिवस तो तिला 'मादी' म्हणत होता. ठमी म्हणजे शिवणखोलीच्या खिडकीबाहेर जास्वंदीवर घरटं टांगणारी शिंजिरीण. अंगठ्याएवढा जीव. कोळिष्टकं, वाळकी पानं आणि माझ्या खोलीतून उडालेले दोरे घालून तिनं ते घरटं विणलं. मी अकरा सकाळी नुसती स्टुलावर बसले, कॅमेरा मांडीवर, तोही बंद. बाराव्या दिवशी तिनं माझ्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि कामाला लागली. मग मी पहिला फोटो काढला.

घरट्यावर पाच पानं होती. वरून ऊन लागत नव्हतं आणि कावळ्याला दार दिसत नव्हतं, अशी जागा तिनं शोधली होती. रविवारी दुपारी तुम्ही निघालात. संध्याकाळी मी बघायला गेले तर घरट्याचं पोट फाटलेलं, आत काही नाही, आणि ठमी फांदीवर एकसारखी ओरडत होती. पाचांतली तीन पानं अर्धी होती. खाली मातीत त्यांचे तुकडे पडले होते. अळी पान खाते ती कडेनं, भोकं पाडत. ही आडवी कापलेली आहेत, चिमे. मी सगळ्याचे जवळून फोटो काढून ठेवलेत.

रविवारी सकाळी मी दूध आणायला गेले तेव्हा माझ्या स्टुलावर कोण बसलं होतं, एवढं फक्त घरात विचार.

तुझी ताई


२० मार्च

ताई,

खोकं मिळालं. पिल्लांचं वाचून वाईट वाटलं ग. पण कावळे कुठे नाहीत? आमच्या गॅलरीत कबुतराचं अंडं टिकत नाही, तुझी तर उघडी बाग.

यांना विचारलं. म्हणाले, मी झाडाला बोटसुद्धा लावलेलं नाही. तू त्यांना काटेसाहेब म्हणतेस ते गमतीनं, पण मी बत्तीस वर्षं बघतेय. वजनमापं तपासायला बाजारात जायचे तेव्हा दुकानदारानं पुढे केलेला पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही या माणसानं. घरून बाटली न्यायचे. खोटं बोलायला गेले तर कान लाल होतात. आणि निसर्ग छायाचित्र मंडळाचा नियमच आहे, घरट्याला किंवा त्याच्या आडोशाला हात लावला की फोटो बाद. तो नियम समितीत यांनीच लिहिलेला आहे.

तेव्हा तू डोक्यात काही घेऊन बसू नकोस. पान एखादं वाऱ्यानंही फाटतं.

कात्री पाठवलीस ते बरं केलंस. मंडळाच्या प्रदर्शनात फोटोंखालच्या नावाच्या चिठ्ठ्या दर वर्षी मीच कापते. ती नागमोडी कड असली की जुन्या काळच्या फोटोंसारखं दिसतं, असं चिटणीस म्हणतात. माझं तेवढंच काय ते योगदान.

गुडघ्याला शेक देत जा.

चिमी


४ ऑगस्ट

चिमे,

तुमच्या मंडळाच्या प्रदर्शनाचं निमंत्रण काल आलं. पाकीट फोडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

कार्डावर माझी ठमी आहे. माझ्या जास्वंदीवर, माझ्या घरट्यात, तोंड पिल्लाच्या घशात घातलेली. दोन्ही पिल्लांच्या चोची लख्ख उन्हात. खाली छापलंय, 'प्रथम पारितोषिक', आणि तुझ्या नवऱ्याचं नाव. उन्हात, चिमे! त्या घरट्यावर ऊन पडूच शकत नव्हतं. मी वीस दिवस तिथे बसले होते, मला एकदाही तो प्रकाश मिळाला नाही. मिळावा म्हणून मी काय केलं? काही केलं नाही. अंधारे फोटो काढले आणि गप्प बसले.

या माणसानं माझ्या कॅमेऱ्याला 'खेळणं' म्हटलं होतं. जेवताना, तुझ्यासमोर. माझे फोटो चाळले आणि म्हणाले, "छान आहेत, घरच्या आल्बमसाठी." तू हसलीस. मीही हसले, कारण पाहुणा होता. नंतर माझ्याच स्टुलावर बसून माझीच पानं कापून फोटो काढला, पिल्लं कावळ्याच्या तोंडी दिली आणि वर बक्षीस. जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली ना? आता त्यांचं माप मी तपासते.

माझ्याकडे तीन फोटो आहेत. शनिवार सकाळ : पाच पानं. रविवार संध्याकाळ : फाटकं घरटं. आणि तिसरा, कापलेलं एक पान, इतकं जवळून की शीर न् शीर मोजावी. प्रदर्शनात बाहेरच्यांनाही भाग घेता येतो, असं त्याच कार्डावर लिहिलंय. मी ते तिन्ही मोठे करून चिटणीसांना पाठवते आहे. सोबत काहीही लिहिणार नाही. डोळे असलेल्यांना दिसेल.

मला अडवू नकोस.

ताई


११ ऑगस्ट

ताई,

तुझ्या पाया पडते, ते फोटो पाठवू नकोस.

निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं हे खुर्चीत नुसते बसून असायचे. घड्याळाकडे बघत. कुणी फोन करत नव्हतं. बाजारातले लोक समोरून आले तर फुटपाथ बदलायचे, इतक्या जणांची वजनं जप्त केलेली. मग कॅमेरा आला, मंडळ आलं, आणि हा माणूस पुन्हा सकाळी दाढी करायला लागला. सहा वर्षं उत्तेजनार्थ मिळतंय, दर वेळी उत्तेजनार्थ. यंदा पहिल्यांदा नाव पुकारलं जाणार आहे. एक कोट शिवून घेतलाय. तू हे एका पानासाठी मोडणार?

आणि ताई, पानं कापलेली तू पाहिलीस. कापणारा हात पाहिलास का? मग कुणाचा होता ते इतकं ठामपणे कसं म्हणतेस? यांनी कापली नाहीत. मी शपथेवर सांगते. यापुढे काय लिहू तेच कळत नाही.

तुला माझा काही राग असेल तर तो माझ्यावर काढ. लहानपणी काढायचीस तसा. यांच्यावर नको.

चिमी


१६ ऑगस्ट

चिमे,

फोटो काल पाठवले. पोचपावती आली आहे.

हात मी पाहिला नाही, पण घरात मी नव्हते, उरलात तुम्ही दोघं, आणि कॅमेरा कुणाच्या गळ्यात होता? शपथा घेऊन नवऱ्याला पाठीशी घालू नकोस. तुझं लहानपणापासून हेच. कपबशी फुटली की तू आधी रडायचीस, मग विचारायचं कुणाला? मार मी खायचे.

उद्घाटनाला येते आहे. तुमच्या घरी उतरणार नाही, धर्मशाळेत जागा बघितली आहे. कोट कसा शिवलाय तेही बघीन. बाही बहुतेक आखूड असेल.

ताई


२ सप्टेंबर

चिमे,

तुमच्याकडून परत आल्यावर मी पाच तास झोपले. मार्चपासून अशी झोप लागली नव्हती. खोटं कशाला सांगू?

तू माझ्या शेजारी उभी होतीस, म्हणून तुला सगळं ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण मला पुन्हा एकदा बघायचंय. चिटणीसांनी माझे तीन फोटो बरोबर काटेसाहेबांच्या फोटोसमोरच्या भिंतीवर लावले. पान तर केवढं, टेबलाएवढं! लोक इकडे बघायचे, मग मान वळवून तिकडे. पाच पानं, दोन पानं. दहा मिनिटांत सभागृहात कुजबुज सुरू झाली. मग ते स्वतः आले. नवा कोट घालून. (बाही आखूडच होती.) पानासमोर उभे राहिले. चष्मा कपाळावर चढवला, नाक भिंतीला लागेल इतके जवळ गेले, वरपासून खाली अगदी चिठ्ठीपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता कानांवर हात ठेवतील. मला तेच हवं होतं. म्हणजे मी सगळ्यांसमोर बोलले असते. तीन पानी भाषण पाठ करून आले होते.

पण ते वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "पानं मी कापली. बक्षीस परत घ्या." आणि बाहेर गेले.

कान लाल झाले होते ग त्यांचे. लाजेनं का होईना, झाले.

मी जिंकले. तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस, ते मला दिसलं. तुझा राग समजते. पण पिल्लं दोन होती आणि त्यांच्या बाजूनं बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

ताई


६ सप्टेंबर

आदरणीय ताई,

आपल्या बागेतील जास्वंदीची तीन पाने, प्रत्येकी अंदाजे निम्मी, मी दिनांक ९ मार्च रोजी सकाळी कापली. त्यामुळे घरटे उघडे पडले व दोन पिल्ले दगावली. कापण्यासाठी माझ्या पिशवीतील साधी कात्री वापरली. या कृत्यात अन्य कोणाचाही भाग नाही.

मंडळाच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला आहे. आपल्या छायाचित्रणाविषयी मी जेवताना बोललो ते चुकीचे होते. शनिवारचा पाच पानांचा फोटो फार चांगला आहे. मला असा कधी जमला नाही.

क्षमस्व.

आपला,
(आपण म्हणता तो) काटेसाहेब


१४ फेब्रुवारी

चिमे,

पाच महिने तुझी एक ओळ नाही. मी तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. तरी आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ठमी आली! तीच आहे, उजव्या पंखाचं एक पीस वाकडं आहे तिचं. त्याच जास्वंदीवर, त्याच फांदीवर घरटं सुरू केलंय. काल मी निळ्या फ्रॉकचं शिवण उसवत होते, तर खिडकीच्या गजावरून निळा दोरा उचलून घेऊन गेली. मी कॅमेऱ्यासाठी धडपडले आणि दोऱ्याचं रीळ घरंगळत पार मोरीत. एकटीच हसत बसले.

आता झालं गेलं सोडून देऊ. काटेसाहेबांनी चूक कबूल केली, लेखी दिली, माझं उट्टं निघालं. त्यांचं पत्र मी जपून ठेवलंय, त्या मोठ्या पानाच्या फोटोमागे खोचून. फोटो शिवणखोलीच्या भिंतीवर लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, पान कसलं? मी सगळी गोष्ट सांगते. त्यांना म्हणावं, ती 'साधी कात्री' लिहायची काही गरज नव्हती, कात्री कसली होती ते कुणी विचारलंय! पण काटेसाहेब ते काटेसाहेब, कबुलीजबाबातसुद्धा हत्याराची नोंद.

या दोघंही. मी त्यांना माफ केलंय. स्टुलावर बसू देईन. पानांना हात लावायचा नाही एवढंच.

तुझी ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. 'मी त्यांना माफ केलंय' या ओळीवर दर वेळी थांबले.

मी तुला कधीच सांगणार नव्हते. पण तू खुशीत आहेस, घरटं सुरू झालंय, भिंतीवर फोटो लावलायस आणि येईल त्याला गोष्ट सांगतेस. म्हणून आजच सांगते. तू ऐन उद्घाटनाचा दिवस निवडलास, मी हा निवडते.

ऊठ आणि भिंतीवरच्या त्या पानाची कापलेली कड बघ.

जास्वंदीच्या पानाला दात असतातच, म्हणून तुला वेगळं काही वाटलं नसेल. पण कापल्या जागी दात कुठून येतील? ते मोज. सारखे आहेत. माझ्या लग्नात तूच दिलीस ती कात्री, आणि तूच धार लावून आणलीस. मग पत्रासोबत ठेवलेली चिठ्ठी त्या कडेला लावून बघ. प्रदर्शनात तुझ्या फोटोखाली हीच लावली होती, मी कापलेली. एक वीत अंतर होतं दोन्हींत. सभागृहभर चाळीस चिठ्ठ्या होत्या, चाळीसही तशाच. तीस वर्षं तू कापड कापलंस, ताई. तुला दिसलं नाही. यांना दिसलं.

तू दूध आणायला गेलीस तेव्हा हे सकाळपासून कुरकुरत होते. पान आड येतंय, प्रकाश नाही, आणि मला, तू सावली पाडतेस, बाजूला हो. दुसरी लेन्स आणायला आत गेले. सामानात भरायला घेतलेली कात्री माझ्या हातातच होती. मला वाटलं, एक फोटो नीट येऊ दे, घरात आठ दिवस शांतता राहील. तीन वेळा कचकच केलं. झालं. बाहेर येऊन म्हणाले, "ऊन वर आलं वाटतं," आणि फोटो काढला. दोन पिल्लं मी मारली, आठ दिवसांच्या शांततेसाठी.

ऑगस्टमध्ये लिहायला बसले होते. एक ओळ लिहिली असती तरी पुरे होतं. भ्याले. तुला, मंडळाला, यांना.

त्या दिवशी घरी आल्यावर यांनी कोट काढला, टेबलावरची कात्री उचलली, खणात ठेवली, खण लावला आणि म्हणाले, "चहा टाक." आजपर्यंत त्यावर एक शब्द नाही. आमच्या घरात साधी कात्री नाहीच, ताई. हा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला, भर सभेत, आणि मग तुला लेखी. कॅमेरा कपाटात आहे. सकाळी पुन्हा घड्याळाकडे बघत बसतात. दाढी आठवड्यातून एकदा.

हे तू केलंस. मी सुरू केलं, तू पुरं केलंस. मी मागितलं होतं, राग माझ्यावर काढ म्हणून.

आता मंडळाला कळव. माझं नाव लिही, ठळक लिही. सगळ्यांसमोर मला उभं कर. मला ते हवंय. कात्री या पत्रासोबत परत पाठवते आहे, मला घरात नको. धार अजून चांगली आहे.

चिमी


११ मार्च

चिमे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी फोटो भिंतीवरून उतरवला, खिडकीशी नेला आणि भिंग लावलं. जास्वंदीचे स्वतःचे दात लहानमोठे असतात, एक इथे तर एक तिथे. तुझे ओळीनं उभे होते. चिठ्ठी लावून बघितली नाही. गरज नव्हती. ती कात्री मी बारा कात्र्या चालवून त्यातून निवडली होती.

आधी तुझा राग आला. मग माझा. त्या दिवशी त्यांचे कान लाल झाले ते पाहून मी खूश झाले होते, ते आठवलं आणि जेवण गेलं नाही. त्यांचं पत्र फोटोमागून काढून जाळलं. मग पुन्हा तुझा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मंडळाला मी लिहिलंय. नक्कल सोबत आहे, पण थोडक्यात सांगते. पानं मीच कापली, असं लिहिलं. माझ्या बागेत मला न मिळालेला फोटो मेव्हण्यांना मिळाला हे सहन झालं नाही, म्हणून ते निघाल्यावर मी पानं कापली, फोटो काढले आणि आळ त्यांच्यावर घातला. ऊन त्यांच्या नशिबानं पडलं होतं. भल्या माणसानं घरची अब्रू झाकायला सगळं अंगावर घेतलं. यातलं सहन झालं नाही हे तेवढं खरं आहे. ते लिहिताना हात अडला नाही.

चिटणीसांचं उत्तर परवा आलं. मला आजन्म बंदी. काटेसाहेबांना बक्षीस सन्मानानं परत, आणि यंदाच्या उद्घाटनाला त्यांनीच फीत कापायची. ते खरं सांगायला धडपडतील, पण सांगायला गेले तर तुझं नाव सांगावं लागेल, आणि ते सांगणार नाहीत. या माणसाला मी उशिरा ओळखलं. तू त्यांना दाढी करायला लाव.

तुझं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. तू ते मागितलंस, नेमकं म्हणूनच लिहिणार नाही. सगळ्यांसमोर उभी राहून एकदा बोलणी खाल्ली असतीस, रडली असतीस आणि मोकळी झाली असतीस. कपबशी फुटली की तू तेच करायचीस. या वेळी नाही. मी बोलणार नाही, ते बोलणार नाहीत. तू रोज चहा टाक आणि त्यांच्यासमोर बसून पी.

ठमीची पिल्लं काल अंड्यातून बाहेर आली. दोन आहेत. पाचही पानं जागेवर आहेत. फोटो काढलेला नाही.

कात्री परत पाठवते आहे. यंदाच्या चिठ्ठ्या कापायला तुला लागेल.

ताई